कन्यादानाची चुंबळ

माणसाला दुखावं जरूर, पण चारचौघांत सांगता येईल अशा जागी दुखावं. डोकं दुखलं तर बायको सुंठ उगाळते, गुडघा दुखला तर शेजारी तेल आणून देतात आणि दाढ दुखली तर सारी आळी सुजलेला गाल बघायला येते. मुकुंदराव मोहोळकरांना दुखत होतं ते नेमकं बसण्याच्या जागी. तेही वर नाही, बाजूला नाही, अगदी मधोमध आणि आत. त्या जागेला मराठीत एक तर शिवी आहे नाहीतर संस्कृत. मुकुंदराव शिवी देत नसत आणि संस्कृत त्यांच्या बायकोला कळत नसे. त्यामुळं हे दुखणं आठ महिने घरात कुणालाही न सांगता चाललं होतं.

उभं राहिलं की काही नाही. आडवं झालं की काही नाही. बसलं की मात्र पाचव्या मिनिटाला खाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि तिथून एक कळ मांडीपर्यंत जाऊन परत यायची. आता मुकुंदराव पोस्टमन असते तर गोष्ट वेगळी. ते होते सोलापुरातल्या एका सरकारी खात्यात अव्वल कारकून. सव्वीस वर्षं त्यांनी बसण्याचाच पगार घेतला होता. खात्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून त्याच खुर्च्यांवर बसतात. मुकुंदरावांची कीर्ती मसुद्याबद्दल होती. साहेब रागानं "हा माणूस चोर आहे" म्हणाले, तर मुकुंदराव ते "सदर इसमाचे वर्तन संशयास अवकाश ठेवते" असं लिहून देत. जगात अशी गोष्ट नाही जिला सभ्य शब्द सापडत नाही, असं ते नव्या कारकुनांना सांगत. आणि त्याच मुकुंदरावांना स्वतःच्या दुखण्याला शब्द सापडत नव्हता.

शेवटी तोंड लपवून ते एका डॉक्टरांकडं गेले. तिथं जी तपासणी झाली तिचं वर्णन इथं करता येणार नाही. डॉक्टर हात धुऊन म्हणाले, "मूळव्याध नाही. नस दुखावली आहे. औषध नाही हिच्यावर. बसणं कमी करा. आणि बसायचंच झालं तर मधला भाग टेकणार नाही अशा कशावर तरी बसा."

"कशावर?" मुकुंदरावांनी विचारलं.

"ते तुम्ही शोधा," डॉक्टर म्हणाले.

एरवी त्यांनी शोधलंही नसतं. दात आवळून निवृत्तीपर्यंत ढकललं असतं. पण प्रभाचं लग्न ठरलं. सतरा वर्षांची ही एकुलती एक मुलगी. स्थळ अक्कलकोटचं, चांगलं, खातंपितं, मुलगा शाळामास्तर. वैशाखातला मुहूर्त निघाला आणि मुकुंदरावांना पाट आठवला. कन्यादानाला बापानं पाटावर बसायचं असतं. नुसत्या लाकडी पाटावर, मांडी घालून, दीड तास. आणि एकदा संकल्प सोडला की मध्ये उठायचं नसतं.

बाप बसू शकला नाही तर काय करायचं तेही शास्त्रात आहे. मुलीचा काका बसतो. आणि काका म्हणजे चुलतबंधू आबासाहेब. आबासाहेबांना कुठल्याही कार्यात पुढं बसायची दांडगी हौस. बारसं असलं तर पाळण्याशी, मयत असलं तर तिरडीशी. मुकुंदराव हल्ली बसले की चेहरा वाकडा करतात हे त्यांच्या घारीच्या डोळ्यांनी टिपलं होतं. "मुकुंदा," ते एकदा म्हणाले, "तुला जमत नसेल तर मी बसतो हो कन्यादानाला. मीसुद्धा तिला बापासारखाच की." मुकुंदराव हसले, पण तो 'सारखाच' त्यांच्या काळजात रुतला. ज्या पोरीला खांद्यावर बसवून तळ्याकाठी हिंडवली, तिचा हात दुसऱ्यानं कुणी द्यायचा आणि आपण मांडवाच्या खांबाला टेकून उभं राहायचं, हे त्यांना मरणाहून वाईट वाटलं. त्यांनी ठरवलं, महिन्याभरात बसायला काहीतरी शोधायचं. आणि कुणाला कळू द्यायचं नाही, कारण अक्कलकोटला नुसतं 'बापाला तसलं काहीतरी आहे' एवढं गेलं असतं तरी पुरे होतं.

पहिली स्वारी नव्या पेठेत बसप्पाच्या दुकानात. बसप्पा गाद्या, लोड, तक्के विकायचा आणि मोठ्यांदा बोलायचा.

"एक लहानशी गादी हवी. खुर्चीपुरती," मुकुंदराव पुटपुटले. "एका मित्रासाठी."

"मित्र केवढा हाय?" बसप्पानं साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं विचारलं.

"माझ्याएवढाच."

"मग बसून बघा की तुम्हीच! मित्राला फसवायचं न्हाई."

आणि मुकुंदराव मोहोळकर, अव्वल कारकून, भर बाजारात दुकानाच्या फळीवर एकामागून एक सात गाद्यांवर बसले. रस्त्यानं जाणारे ओळखीचे लोक नमस्कार करत होते. बसप्पा प्रत्येक गादीला "हितं टोचतंय का? का तितं?" असं बोटानं दाखवून विचारत होता. लाजेनं कानाच्या पाळ्या तापल्या, पण एक गादी घेऊन ते सुटले.

गादी कचेरीत नेली तर खुर्चीवर ठेवायची पंचाईत. खुर्ची सरकारी, गादी खाजगी. खाजगी वस्तू सरकारी वस्तूवर ठेवायला परवानगी लागते, हा नियम खुद्द मुकुंदरावांनीच पूर्वी एका कारकुनाच्या छत्रीवरून काढला होता. त्यांनी अर्ज केला: 'बैठकीच्या सोयीस्तव गादी वापरण्याची अनुज्ञा असावी.' शेरा आला: 'सोय हे कारण होत नाही.' त्यांनी लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव.' शेरा आला: 'अवयव स्पष्ट करावा.' मुकुंदराव दोन दिवस विचार करत राहिले. सव्वीस वर्षांचा अनुभव पणाला लावून त्यांनी लिहिलं, 'शरीराचा अधोभाग.' त्यावर कुणीतरी लाल शाईनं लिहून पाठवलं, 'पायासाठी गादी मंजूर करता येत नाही.' कागद चार टेबलं फिरून आला होता आणि चारही टेबलांवरचे लोक मान खाली घालून हसत होते. मुकुंदरावांनी शेवटचा मसुदा केला: 'अर्जदारास आराम पडला असल्याने अर्ज मागे घेण्यात येत आहे.' म्हणजे सरकारदरबारी ते बरे झाले, आणि बऱ्या माणसासारखं त्यांना पाच वाजेपर्यंत बसावं लागलं. तशी त्या गादीतही राम नव्हता. आठ दिवसांत तिचा कापूस चेपून भाकरी झाली.

मग त्यांना मोहरी आठवली. तान्ह्या मुलाचं डोकं चेपू नये म्हणून आपल्याकडं मोहरीची उशी करतात. मोहरी सरकते आणि डोक्याला जागा करून देते. डोक्याला देते तर इतरत्र का देणार नाही? हा विचार शास्त्रशुद्ध होता. बायको देवळात गेली असताना त्यांनी दोन शेर मोहरी आणली आणि माजघरात बसून, खरं म्हणजे उभ्यानंच, स्वतःच्या हातानं उशी शिवायला घेतली. तेवढ्यात शेजारच्या शकुंतलाबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी मोहरी बघितली, उशी बघितली, सुई हातात धरलेले मुकुंदराव बघितले, आणि विरजण न घेताच परत गेल्या.

दिवेलागणीला अनसूयाबाई देवळातून आल्या त्या रडकुंडीला येऊन. "अहो, सारी आळी मला विचारतेय, कितवा महिना? चव्वेचाळीस वय माझं! पोरीचं लग्न तोंडावर! शकुंतलाबाईंनी तर मला जिन्यावरनं हात धरून उतरवलं!"

तेव्हा मात्र मुकुंदरावांना तोंड उघडावं लागलं. भिंतीकडं तोंड करून त्यांनी सगळं सांगितलं. अनसूयाबाई आधी हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग त्यांनी पदर खाली घेतला.

"आठ महिने? आणि मला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? शब्द नको का?"

"नवराबायकोत शब्द लागतात होय?" त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. पण बाई व्यवहारी. डोळे पुसून म्हणाल्या, "बरं, पाटावर काही घालायला चालतं का ते गुंडाचार्यांना विचारा. आणि खरं कारण सांगा."

गुंडाचार्य त्यांचे उपाध्याय. सोवळ्याओवळ्यात असे कडक, की ओवळ्याची सावली पडली तर पळीपंचपात्र पुन्हा धूत. "गादी? कन्यादानाला?" ते ओरडलेच. "शिवलेलं ओवळं, भरलेलं ओवळं. एक लोकर तेवढी चालेल. लोकरीला विटाळ नाही. पण कारण काय?"

इथं मुकुंदराव खरं सांगतील तर ते मुकुंदराव कसले. त्यांनी मसुदा केला. "ज्योतिषी म्हणाले, यंदा मला लाकडाचा स्पर्श वर्ज्य आहे."

"अस्सं!" गुंडाचार्यांनी मान डोलावली. "मग लोकर घालाच."

मसुदा झकास जमला म्हणून मुकुंदराव खुशीत घरी आले. खोटं बोललं की ते कुठंतरी उगवतं, हे त्या खुशीत त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

लोकर म्हणजे घरातली धाबळी. तिच्या घड्या घालून ते मागल्या पडवीत पाटावर बसून बघू लागले. दोन घड्या, चार घड्या, आठ घड्या. मध्ये टेकायचं ते टेकतच होतं. भांडी घासायला आलेली बजाबाई हा प्रकार तीन दिवस बघत होती. चौथ्या दिवशी तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"रावसायेब, रागावू नगा. घडीवर बसून दुकनं जायाचं न्हाय. घागर घडीवर ऱ्हाती का?"

"काय म्हणालीस?"

"घागरीचं बूड मदी येतं की. त्याला चुंबळ लागती. कडंला टेकायचं, मदलं मोकळं." तिनं कमरेला खोचलेली फडक्याची चुंबळ काढून जमिनीवर ठेवली. बायका पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर जे वेटोळं घेतात तेच. "आमच्या दिराकडं जुनं घोंगडं हाय. त्याची वळून आनते."

मुकुंदरावांनी घाईनं धाबळी बाजूला सारली. "तुला कसं कळलं, मला... म्हणजे..."

"कळायचं काय त्यात? बाळंतपनानंतर माजी सासू दोन वरसं तशीच बसायची, एका अंगावर. लाजायचं काय वं?"

आपली गणना बजाबाईच्या बाळंतीण सासूत झाली, हे गिळायला मुकुंदरावांना दुपार लागली. पण दुसऱ्या दिवशी ती काळ्या लोकरीची परातीएवढी चुंबळ घेऊन आली आणि ते तिच्यावर बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. गिरणीचा भोंगा झाला तरी मुकुंदराव बसलेलेच. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. हजार मसुदे केलेल्या माणसाला जे सुचलं नाही ते एका बाईनं भांडी घासता घासता सांगितलं होतं, आणि आपण तिला साधं 'बरं वाटलं' असंही म्हणालो नाही, याचीही त्यांना लाज वाटली. तरी ते म्हणाले नाहीतच.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि कन्यादानाची तयारी झाली. मुकुंदराव रेशमी मुकटा नेसून आले, पाटावर चुंबळ ठेवली, तिच्यावर मुकट्याचा घोळ पसरला आणि बसले. शेजारी अनसूयाबाई, पुढं प्रभा. समोर नवरामुलगा आणि त्याच्या बाजूला मानाच्या पाटावर व्याही राघवेंद्रराव. मंडळी, इथं एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मुकुंदराव उंच आणि राघवेंद्रराव ठेंगणे. त्यात चुंबळ चांगली चार बोटं जाड. व्याह्यांना मुकुंदरावांशी बोलायला मान वर करावी लागत होती.

पंधरा मिनिटं त्यांनी ती मान वर करून पाहिली. मग मुकट्याखालून डोकावणारी काळी लोकर त्यांना दिसली.

"हे काय हो?" ते म्हणाले. "वराचा बाप खाली आणि मुलीचा बाप आसनावर? ही कुठली रीत?"

मंत्र थांबला. वरपक्षातले सगळे माना लांब करून बघू लागले. मुकुंदराव मुकट्याचा घोळ लोकरीवर ओढू लागले. मदतीला धावले ते गुंडाचार्य. "त्याचं असं आहे, मुकुंदरावांना यंदा लाकूड वर्ज्य आहे. ग्रहदोष आहे."

"ग्रहदोष?" राघवेंद्रराव पाटावरून उठलेच. "पत्रिका बघताना का नाही सांगितलंत? कसला दोष? मुलीलाही आहे की काय?"

झालं. मंगलाष्टकं झालेली, कन्यादान राहिलेलं; पोर ना इकडची ना तिकडची. वरपक्षातलं कुणीतरी जोडे शोधायला लागलं. मुकुंदराव चाचरत म्हणाले, "दोष नाही हो. ते मी... सदर कारण... वस्तुस्थिती अशी की..." आणि पुढं काही येईना. सव्वीस वर्षांतला एकही शब्द मदतीला आला नाही. त्यांनी खालची चुंबळ ओढून बाजूला टाकली आणि नुसत्या पाटावर मांडी ठोकली. "हे बघा, बसलो. काढलं ते. चालू द्या." एवढं बोलता बोलता कळ आली आणि चेहरा पिळवटला.

तो चेहरा आबासाहेबांनी पाहिला. "मुकुंदा, ऊठ. तुला होत नाही. मी बसतो," म्हणत ते सोवळं सावरत पुढं आले. ते मुकटा घरूनच नेसून आले होते.

"आबाकाका नकोत," कुणीतरी म्हणालं.

बोलली ती प्रभा. मुंडावळ्या बांधलेली, मान खाली घातलेली नवरी मुलगी मांडवात बोलली. भटजींच्या हातातली पळी तशीच राहिली.

"बाबांना दोष नाही," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढा होता. "त्यांना बसलं की दुखतं. किती महिने झाले, दोन घास खाऊन पानावरनं उठतात. बसवत नाही म्हणून. आज माझ्यासाठी बसलेत. त्यांची चुंबळ त्यांना द्या."

कुणी हसलं नाही असं नाही. मागं पोरांत खसखस पिकली. एक म्हातारे गृहस्थ "सुरण द्या, सुरण!" असं ओरडले. दुसऱ्यानं ताकात हिंग सुचवला. मुकुंदराव मान खाली घालून बसले होते. धरणी दुभंगावी असं त्यांना वाटत होतं, पण दुखणं उघडं पडलं म्हणून नव्हे. पोरीला सगळं माहीत होतं. रोज समोरच्या पानावर बसून ती बघत होती आणि बाप लाजेल म्हणून गप्प होती. आणि बापानं आपली लाज झाकायला तिच्या पत्रिकेवर दोष चढवून ठेवला होता. एवढी लाज त्यांना बसप्पाच्या दुकानातही वाटली नव्हती.

तेवढ्यात पुढं झाल्या त्या विहीणबाई. बाई अक्कलकोटच्या, आडव्या अंगाच्या आणि आडपडदा नसलेल्या. "अय्यो देवरे! मग आधी सांगायचं नाही का? त्यात काय चोरी हाय?" आणि त्या नवऱ्याकडं वळल्या. "तुम्ही उभं काय ऱ्हायलात? तुमचा मान चार बोटांनी कमी होतोय तर आणखी एक पाट घ्या बुडाखाली आणि बसा की!"

ज्या शब्दासाठी मुकुंदरावांनी तीन अर्ज लिहिले होते तो विहीणबाईंनी भर मांडवात सहज उच्चारला आणि आभाळ काही कोसळलं नाही.

राघवेंद्ररावांना दुसरा पाट दिला. त्यांनी बसून मुकुंदरावांकडं पाहिलं; नजर सरळ रेषेत आली तसे ते निवळले. "हं, आता बरोबर," ते म्हणाले, आणि थोडं ओशाळून, "व्याही, फार दुखतं का हो?"

"बसलं की दुखतं," मुकुंदराव म्हणाले.

आबासाहेब मुकटा सावरत मागं गेले. मांडवाच्या कडेला पाण्याची घागर घेऊन बजाबाई उभी होती. तिच्याकडं बघून मुकुंदरावांनी सगळ्यांदेखत हात जोडले. ती गोंधळून तोंडाला पदर लावून हसली. मुकुंदराव हात टेकून जरा वर झाले तशी प्रभानं वाकून चुंबळ बापाच्या पाटावर नीट मध्यावर ठेवली, आणि गुंडाचार्यांनी मंत्र पुढं सुरू केला.

बाकी सगळं यथासांग झालं. अनसूयाबाईंनी पाण्याची धार धरली. मुकुंदरावांच्या ओंजळीतून ती प्रभाच्या हातावर आणि तिच्या हातावरून नवऱ्यामुलाच्या हातात पडली. त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं, पण हात हलला नाही. दीड तास केव्हा गेला तेही कळलं नाही.

"झालं," गुंडाचार्य म्हणाले. "कन्यादान संपूर्ण. यजमान, उठा आता."

मुकुंदराव उठले नाहीत. प्रभाचा ओला हात अजून त्यांच्या हातात होता.

"उठा हो, दुखेल," अनसूयाबाई हळूच म्हणाल्या.

"असू दे," मुकुंदराव म्हणाले. "बसू द्या मला अजून जरा."